पांघरुणावरचा चष्मा

मी एक जुनं भांडं आहे. स्वयंपाकघरातलं नव्हे, मित्रांनो! ज्या रुग्णाला पलंगावरून उठता येत नाही, त्याच्या अंगाखाली सरकवतात ना, ते. बघा, मुरडलंत ना नाक? मुरडा. मला सवय आहे.

कारखान्यात माझ्याच पत्र्यातून ताटं निघाली, वाट्या निघाल्या. त्या जेवायच्या टेबलावर गेल्या आणि माझ्या नशिबी आली वॉर्डाच्या कोपऱ्यातली मोरी. सुरुवातीला फार वाईट वाटलं. पण माझ्यावाचून तिथं कुणाचं पान हलत नाही हे कळलं, तशी मनाची समजूत पटली.

एकदा वॉर्डात एक आजी आल्या. उभा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे काढलेला, म्हणून सगळे त्यांना पोस्टातल्या आजी म्हणत. खणखणीत आवाज, चापूनचोपून बसवलेले केस, नाकावर चष्मा. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. भेटायच्या वेळी समोर जावई बसलेला असताना त्या सिस्टरला हळूच काहीतरी म्हणाल्या. सिस्टर बिचारी चार पलंगांमध्ये धावत होती. तिनं तिथूनच कामवाल्या मावशींना हाक मारली, "मावशी, पोस्टातल्या आजींना भांडं द्या हो!"

अख्ख्या वॉर्डानं माना वळवल्या. जावई खिडकीबाहेर बघू लागला.

"मला नको," आजी म्हणाल्या. "मी काही मागितलंच नाही."

त्या दिवसापासून आजींनी पाणी सोडलं. प्यायचंच नाही, म्हणजे मागायला नको! पेला पुढे केला की म्हणायच्या, "तहान नाही गं." बघता बघता ओठ सुकले, ताप चढला आणि आजी स्वतःच्या लेकीलाच "पुढच्या खिडकीवर जा" म्हणू लागल्या. सलाइन लावायला हाताची शीर सापडेना. "तोंडावाटे पाणी गेलंच पाहिजे, नाहीतर कठीण आहे," डॉक्टर म्हणाले. लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

सिस्टरनं आजींचा तांब्या पाहिला, तो काठोकाठ. मग माझ्याकडे पाहिलं, तर मी कोरडं ठणठणीत. तिला काय ते उमगलं. इंजेक्शननं ताप जरा उतरल्यावर ती आजींच्या उशाशी बसली.

"आजी, माझं चुकलं. चारचौघांत बोंब ठोकली मी."

आजींनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. मग पुटपुटल्या, "जावयासमोर गं... मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"यापुढे बोलूच नका. चष्मा काढून पांघरुणावर ठेवा, मी समजेन."

"आणि तू कामात असलीस तर?"

"हातातलं टाकून येईन. आता एवढं प्या बघू."

आजींनी दोन घोट घेतले. मग आणखी दोन. काही वेळानं चष्मा पांघरुणावर आला. सिस्टरनं मला ऊन पाण्यानं धुतलं, पुसलं, पडदा ओढला. "अगंबाई, गार नाही!" आजी म्हणाल्या. इतक्या वर्षांत माझं कुणी कौतुक केलं असेल तर ते एवढंच. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

आजींच्या अंगात पुन्हा जीव आला. त्याच सुमारास शेजारच्या पलंगावर एक नव्या बाई आल्या, त्यांच्याच वयाच्या. सिस्टरनं पाणी दिलं, तर "तहान नाही" म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पोस्टातल्या आजींनी ते ऐकलं. भेटायचीच वेळ होती आणि जावई समोरच होता. आजींनी चष्म्याला हात घातला, पण काढला नाही. नाकावर नीट बसवला आणि पोस्टातल्या त्या आवाजात वॉर्डभर ऐकू जाईल अशी हाक दिली,

"सिस्टर, मला भांडं आणा! आणि या बाईंना पाणी द्या. चांगलं पेलाभर!"

जावई उठला आणि त्यानं स्वतःच्या हातानं पडदा ओढून घेतला. पडद्यापलीकडे नव्या बाई खुदकन हसल्या आणि पेला मागू लागल्या.

आता प्लॅस्टिकची हलकी भांडी आली आहेत. माझा मुक्काम वरच्या फळीवर. तक्रार नाही, पण मित्रांनो, एवढं ऐका. तुमच्या घरचं कुणी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं आणि पाण्याला नको म्हणालं, तर नुसता आग्रह करून खेळायला पळू नका. त्याला मागायची लाज वाटत असेल. आधी दार लोटून घ्या, मग पेला पुढे करा.

आणि हो, भांडं ऊन पाण्यानं धुऊन द्या.