दर आठ पावलांवर ओटा

१९७४ साली घरामागच्या मोकळ्या जागेत मी बाग केली आणि महिन्याभरात मीच ती उखडली.

सासऱ्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा पाय ओढत ते खोलीतल्या खोलीत फिरायचे. दाराबाहेर मात्र यायचे नाहीत. मी ठरवलं, यांना बाहेर काढायचंच. पार टोकाला पेरूखाली अर्धगोल बाक बांधून घेतला. तिथवर सरळ वाट, दोन्ही बाजूंना शेवंती.

पहिल्याच दिवशी ते नवव्या पावलाला मटकन खाली बसले. जाऊबाईंनी आणि मी उचलून आत आणलं. म्हणाले, "सूनबाई, बाग छान आहे. मला पुन्हा दाखवू नकोस."

"झाली हौस?" जाऊबाई म्हणाल्या. "आता सगळीकडे फरशी घालू. धुणं तरी वाळेल."

मी दुपारी दाराशी निवडण घेऊन बसले आणि त्यांच्या येरझाऱ्या मोजल्या. आठ पावलं झाली की ते खाटेचा कठडा धरायचे. पाऊल जेमतेम फूटभर. बाग मी माझ्या पायांनी मोजली होती.

दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं. "हा बाक फोडा. त्याच विटांचे पाच ओटे करा, दर आठ फुटांवर एक. आणि वाट वळणावळणाची हवी. एका ओट्यावर बसलं की फक्त पुढचा ओटा दिसला पाहिजे. शेवट दिसला की माणूस आधीच दमतो."

"वहिनी, बाग करताय की बसथांबा?"

"बसथांबाच समजा. आमची गाडी जरा हळू आहे."

खोलीतून खुदकन हसू आलं. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

वळणांवर मी डब्यांत वाढवलेल्या जास्वंदी आडव्या लावल्या. पहिल्या ओट्याशी मोगरा ठेवला. आठवडाभर विनवण्या केल्यावर सासरे तिथवर आले, टेकले.

"त्या जास्वंदीमागे काय लावलंयस?"

"येऊन बघा."

"लबाड आहेस."

दोन दिवसांनी त्यांनी मिरच्या पाहिल्या. मग पुदिना. मग कुंडातली कमळाची पानं. पाचव्या ओट्याला पोचायला सव्वा महिना लागला. तिथे पेरूची सावली आणि रिकामा वाफा.

"इथे तर नुसती माती आहे."

"हा तुमचा वाफा. काय लावू सांगा."

काठीने माती उकरत ते बराच वेळ बसले. "भोपळा. आणि तू हात लावायचा नाहीस. बी तेवढं आणून दे."

सासरे पुढे सहा वर्षं जगले. भोपळे शेजारीपाजारी वाटून लोकांना वैताग आणला. गवंडी नंतर ठेकेदार झाला, पण भेटला की विचारायचा, "वहिनी, बसथांबा कसा आहे?" जाऊबाईंचे गुडघे साठीत गेले. फरशीचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. मोगऱ्याचा ओटा मात्र कुणाला सोडला नाही. त्यांना जाऊनही आता बारा वर्षं झाली.

मी त्र्याऐंशीची आहे. मला अजून अकरा पावलं जमतात. तरी आठव्याला बसते, आणि मग उठते.