आबांच्या समईची थंडी

करंजाड्याच्या त्या शाळेत एप्रिलच्या भर उन्हात पहिलीची पोरं लोकरीचे स्वेटर घालून बसायची. हे बाहेर कुणाला सांगितलं की त्याला वाटायचं, सांगणाऱ्यालाच ऊन लागलंय. पण खोटं कशाला बोला? फाटकाबाहेर डांबर मऊ व्हायचं, कुल्फीवाला सावली बघून निपचित पडायचा, आणि आत तळमजल्यावर पोरांची बोटं अशी आखडायची की पेन्सिल हातात ठरत नसे.

आणि झालं होतं ते सगळं चांगुलपणातून. शाळेचे अध्यक्ष हिरामणशेठ. त्यांची भातशेती नव्या शहरासाठी गेली, बदल्यात प्लॉट मिळाले, प्लॉटवर इमारती उठल्या आणि त्यातल्या एका प्लॉटवर शेठनी वडलांच्या, म्हणजे गणूआबांच्या नावाने शाळा काढली. आबांचा जन्म शेतात नि मिठागरात उन्हात करपण्यात गेला. म्हणून शेठ सगळ्यांना सांगायचे, "माज्या शालंत एक पन पोर घामाघूम व्हाला नको." यंदा दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी ते करून दाखवलं. पंखे भंगारात गेले, खिडक्यांना न उघडणाऱ्या काचा बसल्या आणि अख्ख्या तळमजल्याला मिळून एक दांडगा एसी आला.

आता शेठच्या घरची एक रीत. नवी वस्तू आली की आधी आबांच्या फोटोपुढे. गाडीची चावी असो, लग्नपत्रिका असो, नातवाचा मोबाइल असो, हळदकुंकू लागल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. पण एसीचं धूड गच्चीवर, ते फोटोपर्यंत येणार कसं? शेठनी एसी बसवणाऱ्या मानसिंगला विचारलं, "या मशीनचा मेंदू कुटं हाय?" मानसिंगने भिंतीवर लावायची एक पांढरी डबी दाखवली. हवा किती तापलीय ते ही डबी बघते आणि तेवढी गार हवा सोडायला लावते, म्हणाला. शेठ खूश झाले. "झाला तं मंग. मेंदू आबांच्या फोटोखाली लाव. तेच बगतील." आपल्या मुलाकडून त्यांनी डबीच्या बटणांना पासवर्डचं कुलूप घालून घेतलं, म्हणजे कुणी उगाच बटणं दाबायला नको.

आणि शाळेच्या पॅसेजमधल्या या आबांच्या फोटोखाली, शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत, पाच वातींची समई तेवत असायची. डबीच्या अगदी बुडाशी.

डबी बिचारी काय करणार? तिला वाटायचं शाळेला आग लागलीय. ती सगळा जोर लावून गारठा ओतायची, आणि तो ओतला जायचा पहिलीच्या वर्गात, कारण हवेचं पहिलं तोंड तिथेच होतं.

हे कुणाला ठाऊक नव्हतं? सगळ्यांना ठाऊक होतं. मानसिंगला होतं, समईत तेल घालणाऱ्या गोजरामावशींना होतं, पहिलीच्या भावना टीचरना होतं. आणि दमयंतीबाईंना तर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. दमयंतीबाई म्हणजे शाळेच्या प्रभारी मुख्याध्यापिका. ते 'प्रभारी' त्यांच्या नावाला वर्षानुवर्षं असं चिकटलं होतं की नातेवाईकसुद्धा चेष्टेत तसंच हाक मारायचे. यंदा आबांच्या पुण्यतिथीला तुम्हाला कायम करतो, असं शेठनी कबूल केलं होतं. इथेच तर घोडं पेंड खात होतं.

"तू सांग ना शेठना," बाई मानसिंगला म्हणाल्या.

"मॅडम, वर्षभराचं मेंटेनन्स शेठनीच दिलंय मला. माझ्या तोंडून 'समई हटवा' निघालं, तर समईच्या आधी मीच हटेन. तुमचं ऐकतील."

"मग ती डबी तरी गुपचूप सरकव."

"हळदकुंकू लागलेली डबी? शेठ येता-जाता हात जोडतात तिला. नको रे बाबा."

मग बाईंनी हिय्या करून अर्धंच सांगितलं. "शेठ, पहिलीच्या वर्गात गारठा जरा जास्तच होतो." शेठ आधी हसले. एसी हाय तं थंडी लागलच, म्हणाले. मग वर्गात डोकावले, निळ्या पडलेल्या ओठांची पोरं पाहिली आणि त्यांना खरंच भडभडून आलं. आठवड्यात सगळ्या वर्गाला स्वेटर आले, फुकट, छातीवर आबांचं नाव विणलेले. तरी पोरं कुडकुडतच होती, तेव्हा शेठ स्वतः वाशीला गेले आणि दोन हीटर घेऊन आले. दुकानदाराने म्हणे विचारलं, मनालीला चाललात का. आता एकाच वर्गात वरून गारठा पडायचा, खालून हीटर भाजायचे आणि मधली पोरं पाय शेकत शिंकायची. दमयंतीबाई खरं सांगायलाच शेठच्या केबिनमध्ये गेल्या होत्या. पण तोंड उघडलं आणि आभार बाहेर पडले.

भावना टीचरचा मात्र संयम सुटला. "बाई, रुतिकाचा खोकला थांबत नाही. तिची आई रोज फाटकात गाठते मला. तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते."

"थांब गं. पुण्यतिथी होऊ दे. एकदा कायम झाले की दुसऱ्या क्षणाला सांगते. प्रभारी बाईचं कोण ऐकतं?"

हे त्या मनापासून बोलत होत्या, एवढं त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पद हवं होतं ते पोरांसाठीच, असं त्यांनी स्वतःला पुरतं पटवलं होतं.

पुण्यतिथीला आबांच्या पत्नी यशोदाबाई आल्या. शेठनी आईची खुर्ची मानाने फोटोखालीच मांडली. म्हातारीने बसता बसता समईकडे पाहिलं आणि पदर आवरला. "गोजरा, ह्यो दिवा जरा लांब नेऊन ठेव गो. माजा पदर लागल."

आईपुढे शेठ काय बोलणार? गोजरामावशींनी समई उचलली आणि जिन्याजवळ नेऊन ठेवली. मानसिंग दाराशी उभा होता, त्याने दमयंतीबाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर चुकवली.

शेठचं भाषण लांबत गेलं. आबांचं ऊन, आबांचं मिठागर, आबांची भाकरी. तेवढ्यात एसीचा वरचा घोंघाट हळूहळू बसला. कोपऱ्यातल्या वर्गात, उघड्या दारातून भाषण ऐकणारी पहिलीची पोरं हलली. एका पोराने स्वेटर काढला, मग दुसऱ्याने, मग रांगेच्या रांगेने. रुतिका खोकली नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या पोरांचे चेहरे पोरांसारखे दिसत होते.

शेठच्याही ते लक्षात आलं. भाषण थांबवून म्हणाले, "बगा, आबांची किरपा." आणि त्याच आनंदात त्यांनी जाहीर करून टाकलं की आजपासून दमयंती मॅडम कायम मुख्याध्यापिका. टाळ्या झाल्या, शाल आली, नारळ आला. बाईंचे डोळे भरून आले. भावना टीचरही टाळ्या वाजवत होत्या, पण बाईंवरची नजर हलवत नव्हत्या.

यशोदाबाईंची गाडी फाटकाबाहेर पडली तसे शेठ वळले. "मॅडम, एक मान आता तुमचा. आबांची समई उंद्यापासून काय, आत्तापासूनच तुमी तुमच्या हातानं ठेवायची."

गोजरामावशींनी जिन्याजवळून समई आणून बाईंच्या हातात दिली. बाईंनी कबूल केलेला दुसरा क्षण तो हाच होता.

"शेठ, एक बोलायचं होतं."

"बोला ना."

शेठ बापाच्या फोटोकडे बघत होते. गालावरचं पाणी त्यांनी पुसलंही नव्हतं. बाईंच्या खांद्यावर नवी शाल होती. कालपर्यंत जे गमवायचं होतं ते नुसतं कबुलीतलं होतं, आज ते अंगावर होतं.

"समई काळी पडलीय," बाई म्हणाल्या. "उद्या चिंचेने घासून घेते."

"घ्या की!"

त्या पॅसेजमधून समई घेऊन चालू लागल्या. स्वतःची अशी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. जूनमध्ये सांगू, नव्या वर्षाच्या सुरुवातीला, नीट वेळ बघून, असं मनाशी म्हणत त्यांनी समई डबीखाली ठेवली आणि मागे वळल्या.

पहिलीच्या वर्गाला कुणी काही सांगितलं नव्हतं. पोरं आपली समईकडे बघत होती. वरचा घोंघाट अजून सुरूही झाला नव्हता, तोवर रुतिकाने काढलेला स्वेटर पुन्हा डोक्यातून अंगात घातला. मग शेजारणीने, मग सगळ्यांनी, मुकाट्याने, एकमेकांच्या बाह्या सरळ करत.

"शिस्त बगा, मॅडम," शेठ कौतुकाने म्हणाले. "तुमी कायम झालात नि लगेच फरक परला."

रुतिकाला गळ्याजवळचं बटण लागेना. ती सवयीने समोर दिसलेल्या बाईंपाशी आली आणि मान वर करून उभी राहिली. दमयंतीबाईंनी खाली वाकून ते लावून दिलं.