खालचा स्लॉट

सलिलने कॉम्प्युटरचं कॅबिनेट दुकानाच्या काउंटरवर ठेवलं ते जवळजवळ आदळलंच. हरेश्वरने हातातला स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून आधी कॅबिनेटची काच तपासली. काच शाबूत होती.

"मदरबोर्ड जुना झालाय, बदलायचाय," सलिल म्हणाला. "एका स्लॉटचा द्या. साधा चालेल."

"आत कार्डं दोन हायत ना?"

"एक निघणार आहे."

निघणारं कार्ड जिचं होतं ती क्षिप्रा, त्याची धाकटी बहीण, दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. दोघं बोर्लीहून एकाच एसटीने माणगावला आली होती. तो ड्रायव्हरच्या मागे, ती थेट शेवटच्या बाकावर.

"काका, त्याला सांगा," ती म्हणाली, "माझ्या कार्डाला त्याने हात लावायचा नाही. तुम्ही काढा."

सलिल तिच्यापासून चार हातांवर उभा होता. हरेश्वरने तरीही निरोप पोचवला. पंचवीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसाला अबोला धरलेली गिऱ्हाइकं नवीन नसतात. जमिनीवरून, सुनांवरून, एकदा तर फ्रिजच्या रंगावरून धरलेला अबोला त्याने पाहिला होता. ग्राफिक कार्डावरून धरलेला मात्र हा पहिलाच.

आणि हे यंत्र त्यानेच जोडून दिलेलं होतं. एक डबा, आत दोन कार्डं, बाहेर दोन पडदे आणि दोन कीबोर्ड. एकाच कॉम्प्युटरवर भाऊ-बहीण शेजारी बसून एकाच वेळी खेळणार, वरच्या स्लॉटमधलं कार्ड सलिलचा पडदा चालवणार, खालच्यातलं क्षिप्राचा. दोन वेगळी यंत्रं घ्या, म्हणजे भांडण नको, असं तेव्हा त्याने सुचवलं होतं, तर दोघंही खो खो हसली होती. पुढे त्यांचा खेळ लाइव्ह बघायला हजारो लोक जमू लागले, हे त्याला स्वतःच्या मुलीकडून कळलं.

मग दिवाळीतली ती स्पर्धा. अंतिम फेरीत, अगदी मोक्याच्या क्षणी, क्षिप्राचा पडदा काळा पडला. माइक चालू होता. सलिल सगळ्यांच्या देखत बोलून गेला, की घाबरली की ही अशीच करते, मुद्दाम वायर काढली असेल. लोकांना तेवढं पुरलं. त्या दिवसापासून क्षिप्राचं नाव 'वायरताई' पडलं. बोर्लीत ती गणिताच्या शिकवण्या घ्यायची. आठवडाभरात फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी वायरचं चित्र काढून ठेवलं.

स्लॉट खराब असेल असं ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती. पण उघडून बघायला गेलं तर हिनेच काहीतरी केलं म्हणतील, म्हणून तिने यंत्राला हात लावला नाही. वायर तिनेच काढली याबद्दल सलिलला शंकाच नव्हती, म्हणून त्याने लावला नाही. तीन महिने डब्याचं झाकण कुणी उघडलं नाही.

हरेश्वरने फडताळातून दोन खोकी काढून शेजारी शेजारी ठेवली. एकात एका स्लॉटचा बोर्ड, दुसऱ्यात दोन स्लॉटचा. दुसऱ्यात दोन्ही कार्डांना सारखी ताकद मिळते, हे त्याने मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

"नको. तिला जायचंय तर जाऊ दे."

"त्याला सांगा, मी जात नाहीये. मला काढतायत."

हा निरोप त्याने पोचवला नाही. त्याने झाकण उघडलं, खालच्या कार्डाचा खटका दाबला आणि कार्ड उचललं. ते फारच सहज हातात आलं. त्याने भिंग डोळ्याला लावलं, चिमटा स्लॉटच्या टोकाला घातला आणि जे निघालं ते बिलाच्या कोऱ्या कागदावर ठेवलं.

तांदळाचा दाणा होता. कुंकवाने लाल झालेला, एका बाजूने चेपलेला.

"खंडेनवमीला पूजा केलीत याची?"

उत्तर त्या दोघांनाही ठाऊक होतं. वाडीतले कोयते, करवत, वडिलांची शिलाई मशीन, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायची घरची रीत, आणि वडील गेल्यापासून ते काम सलिलचं. यंदा त्याने कॉम्प्युटरही उघडला होता. दोन्ही कार्डं काढून ब्रशने साफ केली, उघड्या बोर्डावर मनोभावे हळदकुंकू आणि मूठभर अक्षता वाहिल्या, अन् संध्याकाळी आपल्याच हाताने कार्डं परत बसवली.

"कार्ड तांदळावर बसवलंय," हरेश्वर म्हणाला. "अर्धंच टेकलेलं. यंत्र तापलं की हलनार, आणि पडदा काळा. पिना पन वाकल्यात, स्लॉट गेला."

सलिलचे कान लाल झाले.

"दोन स्लॉटचा द्या, काका."

"त्याला सांगा, बोर्डाचं नंतर," क्षिप्रा म्हणाली. "जिथे बोलला होता, तिथे आधी बोल म्हणावं."

"आता कुणाला आठवतंय ते?"

"माझ्या वर्गातल्या पोरांना आठवतंय."

सलिलने मदतीच्या आशेने हरेश्वरकडे पाहिलं. हरेश्वरला त्याचा मनापासून राग आला होता. एवढा शिकलेला, आणि तीन महिन्यांत एक झाकण उघडवलं नाही याच्याने.

"माझ्याकडं बघू नको. मी न्हाय आता कुनाचा निरोप देनार. ऐकलंस तू."

सलिलने तो कागद दाण्यासकट उचलला आणि बाहेर गेला. हायवेला लागून असलेल्या दुकानाच्या पायरीवर त्याने मोबाइल तोंडासमोर धरला. काचेतून त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते. मध्येच कंटेनर गेला, तेव्हा तो थांबला, आणि कंटेनर गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून बोलू लागला. एकदा त्याने कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

क्षिप्राच्या मांडीवरचा मोबाइल थरथरला; त्यांचा खेळ बघणाऱ्या सगळ्यांना सलिलचा व्हिडिओ गेला होता. तिने लगेच उचलला नाही. मग कानाशी नेला. शांत दुकानात हरेश्वरलाही दोन वाक्यं ऐकू आली.

"तांदूळ माझ्या हातून पडला होता. वायर कुणीच काढली नव्हती."

शेवटपर्यंत ऐकून तिने मोबाइल पालथा ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. ते तिने लपवले नाहीत, पुसलेही नाहीत.

सलिल आत येऊन काउंटरपाशी उभा राहिला. बहिणीकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. हरेश्वर दोन्ही खोक्यांवर हात ठेवून वाट बघत होता.

"काका, त्याला सांगा," क्षिप्रा म्हणाली, "दोन स्लॉटचा घ्यायचा. आणि पुढच्या खंडेनवमीला पूजा मी करणार."

सलिल तिच्यापासून चार हातांवर उभा होता. हरेश्वर त्याच्याकडे वळला आणि एकही शब्द न गाळता त्याने निरोप पोचवला.