जिन्यावरची रेंज

माझ्या साडूवर मी जळतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. माणूस वाईट नाही. वाईट असता तर फार बरं झालं असतं, चारचौघांत त्याला नावं ठेवता आली असती. हा कुणाच्याही घरी गेला की तिथलं काहीतरी बिघडलेलं शोधतो, दोन बोटांनी दुरुस्त करतो आणि वर म्हणतो, "अहो, त्यात काय!" त्या 'त्यात काय'ने माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

दुरुस्ती हा माझा धंदा आहे हो! शिलाई मशिनी दुरुस्त करण्यात माझे केस पिकले. नुसत्या आवाजावरून सांगतो, दोऱ्याचा ताण बिघडलाय की आतला पट्टा सैल झालाय. पण बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणून तो साहेब आणि मी मिस्त्री. तो मला मिस्त्रीच म्हणतो. प्रेमाने म्हणतो, असं बायकोचं म्हणणं. आमच्या घरात नेट घेतलं तेव्हा तो डबा कुठल्या फळीवर ठेवायचा, हेदेखील त्यानेच ठरवलं. फळी माझी, भिंत माझी, खिळा मी ठोकलेला, आणि जो तो म्हणणार, भाऊजींनी काय छान बसवून दिलं!

असो. त्या दिवसाचं सांगतो.

बायको लग्नाआधी शाळेत गणित शिकवायची, लग्नानंतरही शिकवत होती. मग माझी आई अंथरुणाला खिळली आणि हिने शाळा सोडली. आई गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण शाळा सुटली ती सुटलीच. मग यंदा तिने कुठल्याशा क्लासमध्ये अर्ज केला. घरी बसून लॅपटॉपवरून मुलांना शिकवायचं. त्यांनी एक नमुन्याचा तास घ्यायला सांगितला होता, त्या दिवशी सकाळी अकराला. उमेदवार पुष्कळ आहेत, दुसरी वेळ देता येणार नाही, असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं. म्हणजे जमलं तर आजच, नाहीतर विषय संपला.

लॅपटॉप तिच्या बहिणीने दिलेला. म्हणजे कुणाचा जुना, ते कळलंच असेल.

न्याहारी झाली तशी ती म्हणाली, "अहो, मी जोडू का नेटला? पासवर्ड टाकला की झालं, भाऊजी म्हणाले."

नुसतं 'मी जोडू का' म्हणाली असती तर मी हो म्हटलं असतं. खरंच म्हटलं असतं. पण ते 'भाऊजी म्हणाले' माझ्या कानात खड्यासारखं टोचलं.

"मी जोडतो," मी म्हणालो. "तू तुझी तयारी कर."

आता माझी एक पद्धत आहे. कुठलंही मशीन हातात आलं की आधी त्याचा प्रत्येक भाग एकदा हाताने हलवून बघायचा. कुठे अडकतंय, कुठे सैल आहे, ते बोटांना कळतं. तशी मी लॅपटॉपची सगळी बटणं ओळीने दाबून पाहिली. डावीकडचं एक दाबलं तर त्यावर इवलासा दिवा लागला. मला बरं वाटलं. दिवा लागला म्हणजे तिथपर्यंत करंट येतोय. म्हटलं, राहू दे लागलेला.

मग पासवर्ड टाकला. टाकताना अक्षरं दिसतच नव्हती, नुसते काळे ठिपके. लॅपटॉप म्हणाला, पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. एकेक अक्षर तोंडाने म्हणत, बोट दाबून दाबून टाकला, तरी मेलं ऐकेना.

"मी टाकून बघू?" बायको मागून म्हणाली.

"पासवर्ड काय माणूस बघून चालतो?"

अपूर्णांक शिकवायचे म्हणून तिने पुठ्ठ्याचे गोल कापले होते, ते उगाच पुन्हा पुन्हा लावत राहिली. मग घड्याळाकडे बघून हळूच म्हणाली, "भाऊजींना एक फोन करू का? जवळच तर राहतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "का? मी काय मेलो का?"

"अहो, तसं नाही म्हणत मी..."

"मग कसं म्हणतेस? या घरातला दिवा गेला तरी तुला भाऊजी आठवतात!"

बोललो खरा, पण मग काहीतरी करून दाखवणं भाग होतं. लॅपटॉप ठीक दिसतोय, म्हणजे खोट त्या डब्यात असणार. स्टुलावर चढलो, फळीवरून डबा काढला, उलटा केला. मागच्या बाजूला एक बारीक भोक होतं, सुईच्या टोकाएवढं. आता आमच्या धंद्यात एकही भोक बिनकामाचं नसतं. एक तर ते तेलाचं असतं, नाहीतर आत काहीतरी दाबायचं असतं. तेल घालायचं नाही, एवढी अक्कल मला होती. माझ्या सदऱ्याच्या कॉलरला कायम एक मशीनची सुई टोचलेली असते. ती काढली, भोकात घातली. आत काहीतरी दबलं, बारीकसं टक झालं. मला वाटलं, सापडली बरं का खोच! आणि चांगला धरून ठेवला तो दाब.

डब्यावरचे सगळे दिवे एकदम गेले.

मग एकेक करून आले, पण मधला काही हिरवा होईना, लालच राहिला. लॅपटॉपच्या पडद्यावरून आमच्या घराचं नाव गेलं आणि तिथे कसलंतरी आकड्यांचं, परक्याचं नाव आलं. बायकोच्या फोनवरचं नेटही बंद पडलं.

"काय केलंत?" तिने विचारलं.

"साफ केलं," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार!

साफच झालं होतं. डब्यातलं सगळं पुसलं गेलं होतं. नेटवाल्यांना फोन लावला तर आधी बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी म्हणाली, सगळं पुन्हा भरावं लागेल, माणूस दुपारनंतर येईल.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि जरा मोकळं वाटलं असतं. चांगला ड्रेस घातलेला, केस नीट बांधलेले, तशीच ती खुर्चीवर बसली आणि पुठ्ठ्याचे गोल एकावर एक रचत म्हणाली, "राहू दे."

हे 'राहू दे' मी ओळखत होतो. आईसाठी शाळा सोडली, तेव्हा ती याच आवाजात हेच म्हणाली होती. तेव्हा मी सुटल्यासारखा चहा प्यायला बाहेर गेलो होतो.

मी खिशातून माझा बटणांचा फोन काढला आणि साडूला लावला. "साहेब, जरा येता का घरी?" एवढं वाक्य बोलायला मला किती जड गेलं, ते माझं मला माहीत.

तो पायात सपाता घालूनच गाडीवरून आला. "काय मिस्त्री, कुठे अडलं?" म्हणत आत शिरला. फळीवरचा डबा पाहिला, लाल दिवा पाहिला, मग टेबलावर पडलेली सुई पाहिली. त्याला सगळं कळलं. पण 'त्यात काय' म्हणाला नाही. नेमका तेव्हा म्हणाला नाही! मला ते जास्त लागलं.

"याला आता वेळ लागेल," तो बायकोला म्हणाला. "तुला माझ्या फोनवरून नेट देतो. पण तुमच्या या घरात बोलण्यापुरती रेंज आहे, नेटपुरती नाही. जिन्यावरच्या खिडकीत मिळते. तू अशी दाराजवळ बस, मी बाहेर खिडकीत फोन धरतो. तिथपर्यंत पोचेल."

आम्ही दोघांनी माझं कामाचं टेबल उचलून दाराजवळ आणलं. बाहेर फोन धरून तो दारातूनच पासवर्ड सांगत गेला, बायकोने टाकला. लॅपटॉप म्हणाला, पासवर्ड चुकीचा आहे.

खरं सांगतो, मला आनंद झाला. बायकोच्या इतक्या वर्षांच्या आशेवर पाणी पडत होतं आणि मी मनात म्हणत होतो, बघा, साहेबांनासुद्धा जमत नाही! असला माणूस आहे मी.

तो आत आला, वाकून लॅपटॉपकडे पाहिलं. "हा दिवा कुणी लावला?"

"तो लागलेलाच असतो," मी म्हणालो.

"नाही हो. हा लागला की सगळी अक्षरं मोठी उमटतात. पासवर्डला ती चालत नाहीत." त्याने बोटाने ते बटण दाबलं. दिवा विझला. बायकोने पुन्हा पासवर्ड टाकला आणि जोडलं गेलं. "अहो, त्यात काय!" तो म्हणाला.

म्हणजे सकाळपासून पासवर्ड बरोबरच होता. डबाही ठणठणीत होता. बिघडवणारा मी. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं.

"दोघंही बाहेर व्हा," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

जिन्यावरच्या खिडकीचा कठडा उतरता. फोन ठेवला की घसरतो, म्हणून हातातच धरावा लागत होता. साडू हात वर करून उभा, मी पायरीवर बसलेला. आमचं दार पातळ, आतलं सगळं ऐकू येत होतं.

आधी तिचा आवाज जरा कापला. मग ती म्हणाली, "हा गोल म्हणजे एक अख्खा. याचे मी चार सारखे भाग केले," आणि तिथून तिची गाडी जी सुटली! तास बघणारी दोन माणसं मुद्दाम मुलांसारखी चुकत होती. कुणीतरी म्हणालं, "बाई, चार तिनापेक्षा मोठे, मग पाव एक तृतीयांशापेक्षा मोठा." ती खळखळून हसली. "असं वाटतं खरं! थांब, आपण दोन्ही कापून एकमेकांवर ठेवू या." मग म्हणाली, "चुकलं तर तेवढंच पुसायचं. पान फाडायचं नाही."

मी सुई पुन्हा कॉलरला टोचत होतो, ती बोटात घुसली.

ही असं हसते? इतकं भरभर, इतकं मोकळं बोलते? माझ्याशी बोलताना तिचं निम्मं वाक्य 'अहो' आणि 'राहू दे' यातच संपतं. साडूवर मी उगाच जळत होतो. आता मी पडद्यावरच्या त्या दोन अनोळखी माणसांवर जळत होतो, ज्यांना ती एवढं सगळं देत होती. तिला नोकरी मिळाली तर हा आवाज रोज या घरात असेल, फक्त माझ्यासाठी नसेल.

खालून वॉचमन ओरडला, गाडी फाटकात कुणी लावली म्हणून. साडूने जीभ चावली. "माझीच. मिस्त्री, धरा जरा. असा वर धरा, आणि या हिरव्या बटणाला बोट लावू नका, नेट बंद पडेल." फोन माझ्या हातात देऊन तो खाली गेला.

पडद्यावर ते हिरवं बटण होतं. बोट लागलं की नेट बंद. कुणाला कळलं असतं? रेंज गेली म्हणालो असतो. साडूचाच फोन, साडूचंच नाव खराब झालं असतं. संध्याकाळी ती 'राहू दे' म्हणाली असती आणि आम्ही दोघं पूर्वीसारखे चहा प्यायला बसलो असतो. अंगठा त्या बटणाच्या अगदी वर होता. खोटं कशाला बोलू?

आत कुणीतरी विचारलं, "बाई, तास छान झाला. अजून एक उदाहरण करून दाखवा. पण आधी एक सांगा, घरून शिकवताना नेटची काही अडचण?"

मी दाराकडे मान वळवली.

"छे, अजिबात नाही," बायको म्हणाली. "ते सगळं आमचे हे बघतात. मशीन कुठलंही असो, त्यांचा हात चांगला आहे."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी कान देऊन ऐकलं, कुठेच नव्हता. मी दाराबाहेर आहे, हे तिला माहीत होतं. साडूचा फोन आहे, हेही माहीत होतं. मी अंगठा काढला आणि फोन दोन्ही हातांनी, फक्त कडांना धरला.

वळून पाहिलं तर साडू खालच्या पायरीवर उभा. त्याने ऐकलं होतं. हसेल असं वाटलं, पण तो हसला नाही. वर आला आणि फोनसाठी हात पुढे केला.

"असू दे," मी म्हणालो. "मी धरतो."

"हात भरून येईल हो."

"येऊ दे."

हात भरून आलाच होता. खांद्यातून कळ येत होती. मी फोन खिडकीबाहेर आणखी जरा वर नेला. कोपऱ्यात बॅटरीची खूण लाल झालेली दिसली.

"साहेब, चार्जर?"

"घरी आहे. आणतो पळत. त्यात काय!" तो वळला आणि दणादणा पायऱ्या उतरायला लागला. फट् फट् फट् सगळ्या जिन्यात घुमायला लागलं.

"अहो, हळू!" मी दबक्या आवाजात त्याच्यावर खेकसलो. "सपाता काढा आधी! शिकवतेय ती."