टोपलीतली कुपी

“सगळे तुझ्याकडे बघतात गं, आजाऱ्याकडे कोण बघतं?” माझी वेताची टोपली मला बजावायची. मी हसण्यावारी न्यायचे. हिला कोणी उजेडात धरत नाही, म्हणून जळते, असं मला वाटायचं.

मित्रांनो, मी एक जुनी काचेची कुपी आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात एका कारागिराने तापलेल्या काचेत फुंकर घालून मला घडवलं आणि मी ग्रीटबाईंच्या घरी आले. आमच्याकडे आजाऱ्याची लघवी कुपीत भरून डॉक्टरांकडे न्यायची रीत होती. लांबर्ट डॉक्टर मला खिडकीशी धरत आणि रंग बघून रोग सांगत. शेजारणीची कुपी त्यांनी जरा जास्त वेळ धरली, की माझा जीव जळे.

एका हिवाळ्यात ग्रीटबाईंची सून माय्के बाळंत झाली आणि तापाने फणफणली. ग्रीटबाई मला घेऊन निघाल्या. पुलावरच्या बर्फावर त्यांचा पाय घसरला. मी वाचले, पण आतलं सगळं सांडलं.

“आता त्या पोरीला पुन्हा कुठं उठवू?” असं पुटपुटत त्या बोळात शिरल्या आणि त्यांनी मला स्वतःच भरलं.

डॉक्टरांनी मला उजेडात धरलं. “वा! सोन्यासारखा रंग. सून ठणठणीत आहे.”

मी तोऱ्यात चमकले.

“मग ती बरळते कशाला?” ग्रीटबाई रडकुंडीला आल्या. “डॉक्टरसाहेब, रागावू नका. ते... माझंच आहे. तिचं पुलावर सांडलं.”

“म्हणजे ठणठणीत तुम्ही आहात!” डॉक्टर ओरडले. मग त्यांनी टोपी उचलली. “चला, घर दाखवा.”

मला ते खिडकीतच विसरले.

संध्याकाळी परतल्यावर ते बायकोला सांगत होते, “वेळेवर गेलो. पोरगी वाचेल बहुतेक. मी नाडी बघायला मनगट धरलं, तर ती माझा हात सोडेचना. म्हणाली, बाळ झाल्यापासून सगळे बाळालाच हात लावतात.”

माय्के वाचली. पण तिचं मनगट! माझ्या हक्काची बोटं त्याने पळवली. पुढे डॉक्टर घरोघरी जाऊ लागले आणि मी खिडकीत धूळ खात राहिले. खरं सांगू? अजून जळते मी.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारी कोणी बाळंतीण असेल, तर दारातून “बरी आहेस ना?” विचारून परतू नका. आत जा. बाळाला मग बघा, आधी तिच्या कपाळावर हात ठेवा. मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.

आत्ताच जाऊन या.