मापुलानेनं न घेतलेलं नाव

मित्रांनो, माझ्याकडे जरा नीट बघा. अंगावर विणलेली मक्याची कणसं दिसतात का? दिसली नाहीत तरी वाईट वाटून घेऊ नका, आताशा ती मलाही धड दिसत नाहीत. मी लेसोथोच्या डोंगरातलं एक जुनं लोकरीचं कांबळं. वय झालं की बोलणं थोडं तिखट होतं, तेवढं गोड मानून घ्या.

माझा जन्म नदीपलीकडच्या गिरणीत झाला, दक्षिण आफ्रिकेत. म्हणजे खरं तर मीच परदेशी. पण गठ्ठ्यात बांधून, खेचराच्या पाठीवर लादून मला इकडे आणलं, तेव्हा सरहद्दीच्या पुलावर कोणी मला अडवलं नाही. कांबळ्याला कोणी नाव-गाव विचारत नाही, हे एक आमचं बरं आहे.

सेफाको नावाच्या मेंढ्यावाल्यानं मला घेतलं, घरात येणाऱ्या सुनेसाठी. लग्नाच्या दिवशी सासूनं मला तिच्या खांद्यांवरून पांघरलं, छातीशी मोठी पिन लावली आणि तिला नवं नाव दिलं, मापुलाने. पुलानेची आई. पुलाने अजून व्हायची होती, पण आमच्याकडे आईचं नाव आधी ठरतं, पोर सवडीनं येतं. त्या दिवशी बायका मला चिमटीत धरून बघत होत्या आणि लोकर किती दाट आहे म्हणत होत्या. मी काय फुगलो होतो म्हणून सांगू!

आमच्याकडची आणखी एक रीत तुम्हाला ओळखीची वाटेल. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नुसतं नाव नाही, त्या नावासारखा शब्दही नाही. सेफाको म्हणजे गारा. आता आमच्या डोंगरात गारा काय कमी पडतात? शेतं झोपतात गारांनी. सगळं गाव गारा गारा म्हणून डोक्याला हात लावायचं आणि मापुलाने आपली म्हणायची, वरून खडे पडले. मी काही कुणाची सून नाही, म्हणून मला हे नाव घ्यायला मोकळीक आहे.

पुलानेच्या पाठीवर मुलगा झाला. मुलाला आजोबांचं नाव ठेवायचं हीसुद्धा रीतच. झालं! ज्या नावापासून ती बिचारी पळत होती तेच तिच्या मांडीवर येऊन बसलं. तिनं त्याला माझ्यात बांधून पाठीवर वाढवलं, ताप आला की माझ्यात गुंडाळून रात्र काढली, पण नावानं हाक मारली नाही. ती त्याला म्हणायची पोरा. टेकडीवरून तिनं पोरा म्हणून हाक दिली की गावातली सगळी पोरं वळून बघायची आणि हसायची. यायचा मात्र तिचाच.

पुढे माझे दिवस फिरले. मापुलानेचा नवरा लवकर गेला. बाजारात मऊ, गुळगुळीत, स्वस्त पांघरुणं आली आणि मी खेचराच्या खोगिराखाली गेलो. चुलीच्या ठिणगीनं एक कोपरा जळला. कधीतरी एक मेंढीही माझ्यावर व्याली. तक्रार नाही, पण लग्नातलं कांबळं आहे हे कुणी विसरू नये, असं मला वाटायचं.

मग एक दिवस गावातल्या दुकानवालीच्या फोनवर निरोप आला. मुलगा पलीकडे खाणीत कामाला होता. दगड घसरला आणि त्याची मांडी मोडली. फोनवर इस्पितळातली नर्स होती. ती म्हणाली, हाड जुळतंय, काळजी नाही. काळजी वेगळीच आहे. तो भिंतीकडे तोंड करून पडलाय. जेवत नाही, बोलत नाही, पाय खाली टेकवायला तयार नाही. घरचं कोणी आलं तर बरं होईल. असाच राहिला तर पाय असून अधू होईल.

म्हातारे सेफाको, ज्यांना सगळे न्ताते म्हणजे बाबा म्हणतात, त्यांना खेचरावरून उतरवायलाच दोन माणसं लागत. पुलाने सासरी बाळंतीण. राहिली मापुलाने. तिनं मला खोगिराखालून ओढलं, ओढ्यावर धुतलं, उन्हात वाळवलं आणि छातीशी पिन लावून निघाली. इतक्या वर्षांनी मी पुन्हा तिच्या खांद्यावर होतो.

पुलापलीकडच्या खिडकीत एक तरुण अधिकारी होता. बोलायला चांगला होता, खोटं कशाला सांगू? कुठे जाणार, तिनं सांगितलं. कोणाकडे, सांगितलं, मुलाकडे. मुलाचं नाव? तिनं माझा काठ मुठीत धरला. मी इस्पितळात फोन करून विचारतो, नाव सांगा, तो म्हणाला. ती म्हणाली, आमच्या घरच्या मोठ्यांचं नाव आहे त्याचं. रांगेतली एक बाई मागून म्हणाली की सून आहे ती, तिला नाव घेता येत नाही. त्यानं कागद पुढे केला, लिहून द्या. तिनं पेन हातात घेतलं आणि पुन्हा ठेवलं. लिहिणं म्हणजे घेणंच की.

मित्रांनो, हट्ट नव्हता तो. तिची माझ्या काठावरची मूठ घामानं ओली झाली होती, म्हणून मला ठाऊक. घेऊ नये ते नाव घेतलं, तर ज्याचं नाव त्यालाच भोगावं लागतं, असं तिच्या मनात पक्कं बसलेलं. आणि तो तर आधीच मोडून पडलेला.

"ज्याला नाव नाही त्याला मी शोधू कुठे, मावशी?" अधिकारी म्हणाला. "पुन्हा याल तेव्हा तुमच्या तोंडून ऐकेन. दुसऱ्या कुणाच्या नाही."

त्यानं पासपोर्टवर प्रवेश नाकारल्याचा शिक्का मारला. ती पूल ओलांडून परत आली. वाटेत तिनं मला डोक्यावरून घेतलं होतं, तोंड दिसू नये म्हणून.

गावात काय झालं, विचारूच नका. बायकांनी तिला डोक्यावर घेतलं. सून असावी तर अशी! लोक न्तातेंना येऊन सांगत, तुमच्या नावाला केवढा मान! म्हातारा पहिले दोन दिवस खुशीत होता, मिशीला हात काय लावत होता. दुकानवाली तेवढी फाटक्या तोंडाची. ती न्तातेंच्या अंगणात येऊन म्हणाली की मान तुम्हाला मिळाला, पोराला काय मिळालं? मघाशी पुन्हा फोन होता, आई येत नाही हे कळल्यापासून त्यानं पाणीही तोंडाला लावलेलं नाही.

म्हाताऱ्याचा हात मिशीवरून खाली आला. त्या संध्याकाळी त्यांनी ज्वारी भिजत घालायला सांगितली.

त्या ज्वारीची बिअर आंबली तेव्हा भाऊबंद गोळा झाले. न्तातेंनी गोठ्याच्या दाराशी थोडी जमिनीवर ओतली, आपल्या गेलेल्या बापाला, आज्याला हाका मारल्या आणि सुनेला समोर बसवलं.

"हे नाव मला माझ्या आज्यानं दिलं, मी नातवाला दिलं," ते म्हणाले. "आज मी ते हिच्या तोंडाला मोकळं करतो. हिनं घेतलं तर कोणाला काही व्हायचं नाही. झालंच, तर मला होऊ द्या. मी पुष्कळ जगलो."

मग म्हणाले, घे आता. सगळे तिच्याकडे बघत बसले. तिनं तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, तीही रडता रडता हसली. नंतर ती रोज मेंढ्यांमागे जायची आणि एकटीच ओठ हलवायची. मेंढ्या मान वर करून बघायच्या. मला नुसता श्वास ऐकू यायचा. परवानगी मिळाली, पासपोर्ट होता, टॅक्सीचं भाडं होतं, आणि एका शब्दापायी सगळं भिजत घोंगडं होऊन पडलं होतं. शेवटी ती म्हणाली, घशातून येईल तेव्हा येईल, मी निघते.

या वेळी खिडकीत एक पोक्त बाई होती. तिनं पासपोर्टची पानं उलटली आणि त्या शिक्क्यावर बोट ठेवून विचारलं, तुम्हाला मागे परत पाठवलं होतं? मापुलाने हो म्हणाली. का पाठवलं?

"मुलाचं नाव सांगितलं नव्हतं."

"आज सांगाल?"

मी तिच्या अंगावर होतो, मित्रांनो. तिचं काळीज माझ्या पिनेवर आपटत होतं. रांग थांबली होती. मला वाटलं, आता ही वळणार, आणि आपण पुन्हा पुलावरून मागे जाणार.

"सेफाको," ती म्हणाली.

बाईला ऐकू गेलं नाही. ती म्हणाली, जरा मोठ्यानं. आणि मापुलानेनं पुन्हा, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं, ते नाव घेतलं. आभाळ कोसळलं नाही. बाईनं फोन लावला, दोन शब्द बोलली, शिक्का मारला आणि पासपोर्ट परत दिला.

इस्पितळात तो भिंतीकडे तोंड करूनच पडला होता. पावलं ऐकूनही वळला नाही.

"आई? तुला तर सोडत नव्हते."

"नाव सांगितलं."

"कोणाचं?"

"तुझं."

आता तो वळला. गालफडं बसली होती, दाढी वाढली होती.

"तिथल्या परक्या माणसांना सांगितलंस?"

"हो. दोनदा."

"मग मलाही सांग ना."

तिनं मला खांद्यावरून काढलं, त्याच्या अंगावर पसरलं, हनुवटीपर्यंत ओढून घेतलं आणि त्याला नावानं हाक मारली. खाणीत दगड फोडणारा तो दांडगा गडी माझ्यात तोंड खुपसून लहान पोरासारखा रडला. मी पार भिजलो. ओढ्याच्या पाण्यानं मी इतका स्वच्छ कधी झालो नव्हतो.

रात्री त्यानं पेज घेतली. दुसऱ्या दिवशी आईच्या खांद्याला धरून पाय जमिनीला टेकवला आणि कळवळून शिव्या दिल्या. नर्स म्हणाली, शिव्या देतोय म्हणजे बरा होणार.

मापुलाने मला त्याच्याकडे ठेवून गेली. तिकडे डोंगरात बर्फ पडत होतं, तरी तशीच गेली. आता मी त्याच्या उजव्या खांद्यावर पिन लावून असतो, आमच्याकडचे पुरुष लावतात तसा. तो थोडा लंगडतो, पण चालतो.

मित्रांनो, जाता जाता एवढंच सांगतो. चांगलं कांबळं जपायचं म्हणून पेटीत घालून ठेवू नका. घडीतल्या कांबळ्याला कसर लागते, पांघरलेल्याला लागत नाही. अंगावर घ्या, मळलं तर धुवा, फाटलं तर शिवा. आणि जवळच्या माणसांचंही तसंच आहे, मान मनात घडी घालून ठेवण्यापेक्षा त्यांना वेळेवर हाक मारा.

आम्हाला आता दर रविवारी गावाकडून दुकानवालीच्या फोनवरून फोन येतो. मापुलानेला सांगायचं फारसं काही नसतं. मेंढ्या बऱ्या आहेत, न्ताते बरे आहेत, एवढंच. पण तेवढ्यात ती दहा वेळा त्याचं नाव घेते, सेफाको हे, सेफाको ते, आणि तो फोन कानाशी धरून नुसता ऐकत राहतो.