पापडी इलेव्हनचा निळा आइसबॉक्स

मी एक आइसबॉक्स बोलतोय. अंग निळं, झाकण पांढरं, पोटाशी छोटासा नळ. माझ्या कारखान्याचं नाव मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती मस्कतमधल्या एका दुकानाच्या दारातल्या उन्हाची आणि माझ्यावर टिचक्या मारून बघणाऱ्या क्लोटिल्डाची. साल होतं १९९४.

तिने मला घेतलं समुद्रावर सहलीला न्यायला. पण तिच्या नवऱ्याने, व्हॅलेरियनने, मला पाहिलं मात्र, उचलून थेट पिकअपमध्ये ठेवलं. "खलास! हा आता टीमचा," तो म्हणाला. क्लोटिल्डा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. सहल राहिली ती राहिलीच.

व्हॅलेरियन वसईजवळच्या पापडीचा. आठवडाभर लोकांच्या गच्च्यांवर चढून एसी दुरुस्त करायचा, अर्बाबची, म्हणजे मालकाची, 'यल्ला यल्ला' (चला, चला) ऐकायचा. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मात्र तो कॅप्टन असायचा. आपल्या लोकांना गोळा करून त्याने 'पापडी इलेव्हन' नावाचा फुटबॉल संघ काढला होता. नाव पापडीचं, पण गोलकीपर होता रत्नागिरीचा हुसैनमियाँ. त्याने पापडी कधी पाहिलीही नव्हती. मवालेहच्या मार्केटात त्याचा भाजीचा गाळा होता. माझ्यातल्या सरबताची लिंबं त्याच्याकडूनच यायची.

आमची लीग परदेशातून आलेल्या नोकरदारांची. तिच्यात दोन डिव्हिजन. पहिल्या डिव्हिजनचे सामने बौशरला, हिरवळीवर. दुसऱ्या डिव्हिजनला माबेला वस्तीच्या मागचं उघडं माळरान. तिथे खेळायच्या आधी सगळ्यांनी ओणवं होऊन दगड वेचायचे, मग चुन्याच्या रेघा मारायच्या. दुसऱ्या डिव्हिजनचे संघ आठ, प्रत्येकाशी दोनदा गाठ. वर्षाच्या शेवटी जो पहिला येईल, तोच वर जाणार. आम्ही कधी तिसरे, कधी पाचवे. एकदा तर सातवे आलो आणि त्यावरही केक कापला.

माणसं पाणी कशी पितात, यावरून मला ती कळतात. हुसैनमियाँ उकिडवा बसून तीन घोटांत प्यायचा. तरणी मुलं निम्मं पाणी डोक्यावर ओतायची. व्हॅलेरियन सगळ्यात शेवटी प्यायचा, उरलं तर. माझ्यावर बाकी सगळे बसायचे. तो कधीच नाही. उलट "उठा रे, झाकण मोडेल!" म्हणून ओरडायचा.

मग आला २००१-०२ चा हंगाम. काय झालं कोण जाणे, आम्ही जिंकायला लागलो. पहिले चारही सामने जिंकले. रमजानची सुट्टी संपली, पुन्हा तीन जिंकले. पोरं आता कामावरही फुटबॉलच बोलायची. "इन्शाल्ला, यंदा हिरवळ!" हुसैनमियाँ म्हणायचा.

पण मी मैदानाच्या कडेला बसून एक गोष्ट बघत होतो. आमच्यावर होणारे बहुतेक गोल डाव्या बाजूने होत होते. डाव्या बाजूला बचावाला होता व्हॅलेरियन. वय बेचाळीस. समोरचा पोरगा बॉल पुढे ढकलून पळायचा आणि व्हॅलेरियन मागून तोंड वासून धावायचा. गोल झाला की हुसैनमियाँ हात वर करायचा. "माझी चूक! माझी चूक!" दर वेळी तोच.

हे बघणारी आणखीही माणसं होती. एके शुक्रवारी हुसैनमियाँची बायको अमीरुन्निसा क्लोटिल्डाशेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नको, पण मॅच झाली की हे घरात दोन दिवस गप्प असतात. लोकांना वाटतं, यांचे हात ढिले पडले." तेवढ्यात क्लोटिल्डाची नऊ वर्षांची लेक, नताशा, आपल्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणाली, "मम्मी, सगळे बॉल घेऊन डॅडीच्याच साइडने का येतात?"

क्लोटिल्डाने माझा नळ घट्ट बंद केला. तो आधीच बंद होता.

त्यानंतर दर शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात ती लिंबं पिळायची आणि मी तिच्या पायाशी उघडा असायचो. व्हॅलेरियन बूट पुसत आत यायचा, शीळ घालत. ती तोंड उघडायची, त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, "मीठ दे जरा." आठ शुक्रवार तिने मीठच मागितलं.

मधले एक-दोन सामने हातचे गेले, आणि एप्रिलच्या शेवटी अखेरचा सामना आला. समोर आमच्याच डिव्हिजनमधला बौशरचा संघ, आमच्यापेक्षा एका गुणाने पुढे. आम्हाला जिंकायलाच हवं होतं, बरोबरीने भागणार नव्हतं. त्यांच्याकडे गुलजार नावाचा वाऱ्यासारखा पळणारा खेळाडू होता आणि तो खेळायचा नेमका व्हॅलेरियनच्या समोर. विसाव्या मिनिटाला तो सुटला आणि गोल झाला. मध्यंतरापर्यंत आणखी दोनदा सुटला. ते दोन फटके हुसैनमियाँने अंग झोकून अडवले. त्याचे कोपर सोलून निघाले होते.

मध्यंतराला सगळे माझ्याभोवती जमले. क्लोटिल्डाने पहिला ग्लास व्हॅलेरियनसमोर धरला.

"आधी पोरांना दे," तो म्हणाला.

"आधी तू. व्हॅली, तो तुझ्या बाजूने येतोय. वर्षभर सगळे तुझ्याच बाजूने येतायत. हुसैनभाय हात वर करतात, पण चूक त्यांची नाही. तुझे पाय थकलेत रे. दयानंदला घाल."

दयानंद हा आमचा राखीव खेळाडू, एका हॉटेलात तंदूरवर काम करायचा. त्याने मान खाली घातली. कुणी पाणी पीत नव्हतं.

"हे तू सगळ्यांसमोर सांगतेस?" व्हॅलेरियनचा आवाज चिरकला.

"घरी सांगायला आठ आठवडे घेतले. नाही जमलं. आता पंचेचाळीस मिनिटंच उरलीत."

तो हुसैनमियाँकडे वळला. "हुसैन, खरं आहे?"

"अरे, माझंच उभं राहायचं चुकतं..."

"खोटं बोलू नको. आत्ता जुम्म्याची नमाज पढून आलायस."

हुसैनमियाँ हातमोज्याचा पट्टा उगाच ओढत राहिला. "खरं आहे, व्हॅली," तो शेवटी म्हणाला.

व्हॅलेरियनने दंडावरची कॅप्टनची पट्टी काढली आणि हुसैनमियाँच्या दंडावर बांधली. दयानंदच्या पाठीवर थाप मारली. मग इकडेतिकडे बघितलं, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यावर बसला. माझ्या आतला बर्फ खुळखुळला.

दहा मिनिटं तो डाव्या बाजूवर नजर लावून बसला. मग म्हणाला, "क्लोटी, बाहेरून किती वेगळं दिसतं गं." आणखी पाच मिनिटांनी तो ताडकन उभा राहिला. "दयानंद! गुलजार मागे परतत नाही! त्याच्या पाठीमागे मैदान मोकळं आहे! पळ!"

दयानंद पळाला. त्याचा पास गोलसमोर आला आणि आमच्या नोएलने तो आत ढकलला. एक-एक. व्हॅलेरियन पुन्हा बसला, पुन्हा उठला. त्याच्या उठण्याबसण्याने माझं कंबरडं मोडायची वेळ आली. शेवटची चार मिनिटं उरली असताना कॉर्नर मिळाला. हुसैनमियाँ आपला गोल सोडून पुढे धावत सुटला. व्हॅलेरियन "मागे जा!" म्हणून ओरडतोय आणि हा ऐकतच नाही. त्याने हवेत उडी मारली, बॉल त्याच्या कपाळावर आपटला आणि जाळीत गेला.

व्हॅलेरियन माझ्यावर चढून नाचला. माझ्या झाकणाला आरपार तडा गेला. मला मुळीच दुखलं नाही.

सामान पिकअपमध्ये चढवताना तो क्लोटिल्डाला म्हणाला, "आठ आठवडे तू हे पोटात ठेवलंस?"

"पोटात कसलं? दर शुक्रवारी बोलायचे. लिंबांशी."

तो हसता हसता डोळे पुसायला लागला. तिने त्याच्या हातात ग्लास दिला आणि त्याने तो तिथेच उभ्या उभ्या संपवला.

पुढच्या हंगामात आम्ही हिरवळीवर गेलो. व्हॅलेरियन पुन्हा खेळला नाही, कोच झाला. पहिल्या दिवशी त्याने चपला काढून त्या गवतावरून एक फेरी मारली आणि मग शिट्टी फुंकली. तीन वर्षं आम्ही वर टिकलो, मग पुन्हा दगड वेचायला माबेलाला आलो. २००८ मध्ये व्हॅलेरियन आणि क्लोटिल्डा कायमचे वसईला गेले. विमानात मला कोण घेणार? निघायच्या दिवशी क्लोटिल्डाने मला आतून-बाहेरून धुतलं, उन्हात वाळवलं आणि हुसैनमियाँच्या हवाली केलं.

आता मी मवालेहला त्याच्या गाळ्यात असतो. पोटात बर्फ, बर्फावर कोथिंबीर आणि पुदिना. झाकणाच्या तड्यावर चिकटपट्टी आहे, नळ गंजलाय. गिऱ्हाइकं भाव विचारतात आणि निघून जातात. माझी तक्रार नाही. कोथिंबीर ताजी ठेवणं हेही कामच आहे.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या आसपास कुणी असाच थकलेला असेल आणि सगळे मायेपोटी गप्प बसले असतील, तर तुम्ही तरी बोला. जवळ जा, आधी थंडगार पाण्याचा ग्लास द्या आणि मग सांगा. तो रागावेल. मग बसेल. बसायला माझ्यासारखं काहीतरी जवळ असू द्या, म्हणजे झालं.